चहापुरतं दूध आणि हाडांपुरतं दूध

सांगली जिल्ह्यातल्या एका गावाहून हे पत्र आलंय. नाव छापू नका असं ताईंनी म्हटलंय. पत्र थोडं आखडून देते.

‘‘माझं वय ५३. पाळी थांबून तीन वर्षं झाली. यंदा श्रावणात घरात सगळ्यांनाच जुलाबांचा त्रास झाला. बाकीचे चार दिवसांत बरे झाले, मला मात्र तेव्हापासून दूध पचेनासं झालं. सकाळी उठल्यावर कपभर दूध प्यायची लहानपणापासूनची सवय. आता ते घेतलं की तासाभरात पोट गच्च फुगतं, गुरगुरतं आणि मग धावपळ. डॉक्टरांनी पंधरा दिवस दूध बंद करायला लावलं, तेव्हा अगदी मोकळं वाटलं. ते म्हणाले, लॅक्टोज पचत नाही, दूध टाळा. मुलाला कळल्यावर त्यानं पुण्याहून बदामाच्या, सोयाच्या आणि ओटच्या दुधाचे खोके पाठवून दिले. बदामाचं चहात घातलं तर चहा नासल्यासारखा दिसला, सोयाला वास आला, ओटचं गोडच लागलं. त्यात लिटरला अडीचशे-तीनशे रुपये! आमच्या दारात म्हशी आहेत हो. सासूबाई म्हणतात, दूध सोडलंस तर म्हातारपणी हाडांचा भुगा होईल. आम्ही शाकाहारी. मला थायरॉइडची गोळी चालू आहे. कोजागरी तोंडावर आलीय, वीस माणसं जमतात आणि आटवलेलं दूध मीच करते. यातलं कोणतं दूध मी प्यावं? की काहीच नको?’’

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अगदी जाता जाता लिहिलीत. ‘तेव्हापासून.’ त्रास जुलाबांनंतर सुरू झाला. म्हणून त्या खोक्यांकडे वळण्याआधी पोटात काय चाललंय ते सांगते, कारण उत्तर तिथेच आहे.

दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखी बारीक लव असते आणि त्या लवेवर लॅक्टेज नावाचं एन्झाइम असतं. ते लॅक्टोजचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. हे तुकडे रक्तात जातात आणि दूध पचतं. लॅक्टेज कमी पडलं की ही साखर न तुटता तशीच मोठ्या आतड्यात उतरते. तिथले जिवाणू ती आंबवतात, त्याचा वायू होतो, साखर सोबत पाणी ओढून घेते, आणि मग तुम्ही लिहिलंय तसं सगळं होतं. फुगणं, गुरगुरणं, धावपळ. त्रास होतो, पण यानं आतड्याला इजा होत नाही, हे आधी मनात पक्कं करा.

आता हे लॅक्टेज कमी होण्याच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे वयाबरोबर. आईचं दूध सुटल्यावर लॅक्टेज हळूहळू घटत जाणं ही माणसाच्या शरीराची मूळ रीतच आहे. जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांमध्ये ते कमी झालेलं असतं. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या गुरं पाळली आणि दूध प्यायलं, अशा काही लोकसमूहांत ते मोठेपणीही टिकतं. आपल्या देशात उत्तरेकडे टिकणाऱ्यांचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे कमी. म्हणजे ज्याला दूध पचत नाही त्याच्यात काही खोट आहे असं समजू नये.

दुसरी वाट आजारपणाची. जोराचे जुलाब झाले की आतड्याची ती मखमली लव झिजते, आणि लॅक्टेज नेमकं लवेच्या टोकाकडच्या पेशींवर असल्यामुळे तेच आधी जातं. लव पुन्हा भरून येते, पण त्याला काही आठवडे लागतात, कधी काही महिनेही. तुमचं पत्र वाचून मला ही दुसरी वाट जास्त शक्य वाटते. ५३ वर्षं रोज रिकाम्या पोटी कपभर दूध पचवणाऱ्या बाईचं लॅक्टेज एका श्रावणात कायमचं संपेल, असं मला वाटत नाही. वयानुसार थोडं आधीच घटलेलं असेल, जुलाबांनी उरलंसुरलं नेलं असेल, असंही असू शकतं. मात्र हे मी पत्रावरून सांगतेय. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हा क्रम पुन्हा नीट सांगा. खात्री करून घ्यायची असेल तर मोठ्या शहरात श्वासातला हायड्रोजन मोजण्याची तपासणी होते. वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल किंवा रक्त कमी झालं असेल, तर मात्र हे नुसतं दुधाचं दुखणं नाही; लगेच दाखवा.

डॉक्टरांनी पंधरा दिवस दूध बंद केलं ते योग्यच केलं. ती एक परीक्षा होती आणि तिचा निकाल लागला. पण ‘दूध टाळा’ म्हणजे जन्मभर थेंबही नको, असं घरोघरी समजलं जातं आणि तिथून नुकसान सुरू होतं. हे दुखणं मापाचं आहे. दुधाच्या ॲलर्जीत एक घोटही चालत नाही, कारण तिथे शरीराचं भांडण दुधातल्या प्रथिनाशी असतं. लॅक्टोजच्या बाबतीत प्रत्येकाचं एक माप असतं. त्या मापाच्या आत पोट कुरकुरत नाही.

हे माप आकड्यांत बघूया. गाईचं असो, म्हशीचं असो, शेळीचं असो, १०० मिलिलिटर दुधात साधारण साडेचार ते पाच ग्रॅम लॅक्टोज असतं, शेळीच्या दुधात किंचित कमी. (‘शेळीचं पचतं’, ‘देशी गाईचं पचतं’ असं कोणी सांगितलं तर लॅक्टोजपुरता त्यात फारसा फरक नाही. दूध जास्त उकळूनही लॅक्टोज कमी होत नाही, आटवलं तर उलट दाट होतं.) म्हणजे तुमच्या सकाळच्या २०० मिलिलिटरच्या कपात नऊ-दहा ग्रॅम, तेही रिकाम्या पोटी, एका दमात. आता चहा घ्या. कपभर चहात दूध असतं ५० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे अडीच ग्रॅम लॅक्टोज. लॅक्टेज कमी असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, जेवणाबरोबर घेतलं तर, विशेष त्रास होत नाही असं आढळलेलं आहे. तुमचं आतडं आत्ता नाजूक आहे, त्यामुळे तुमचं माप याहून कमी धरू. पण चहासाठी परदेशी पेयाचा खोका लागेलच असं नाही.

माझं सांगणं असं. आणखी दोन आठवडे दूध नुसतं पिऊ नका, दही-ताक मात्र चालू ठेवा. मग दुपारच्या जेवणानंतर पाव कप दूध घ्या. रिकाम्या पोटी नाही. तीन-चार दिवस निभावलं तर अर्धा कप. तेही निभावलं तर आठवड्याने पाऊण. जिथे पोट बोलायला लागेल तिथून एक पायरी खाली या, ते तुमचं आजचं माप. महिन्याने पुन्हा बघा, ते वाढलेलं असायची शक्यता चांगली आहे. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर मोठ्या आतड्यातले जिवाणूही त्या साखरेला सरावतात. म्हणून पूर्ण बंद करून बसण्यापेक्षा थोडं चालू ठेवणं बरं.

दही-ताकाचं म्हणाल, तर विरजणातल्या जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच खाल्लेलं असतं आणि शिवाय ते जिवाणू स्वतःचं लॅक्टेज घेऊन पोटात येतात. म्हणून दूध न पचणाऱ्याला दही पचतं. चक्क्यातलं पाणी निथळून जातं, त्याबरोबर लॅक्टोजही बरंच जातं. पनीरमध्ये थोडंच उरतं, तुपात जवळजवळ नाहीच. सांभाळायचं ते खव्याला, बासुंदीला, पेढ्याला, आणि सगळ्यात जास्त दुधाच्या पावडरीला. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत निम्मं वजन लॅक्टोजचं असतं. प्रवासात, लग्नघरात, मशीनच्या चहात बऱ्याचदा दुधाची पावडरच असते. घरचा चहा सोसतो आणि बाहेरचा सोसत नाही, असं झालं तर दोष तुमच्या पोटाला देऊ नका.

आणि दारात म्हशी असताना तुमच्यासाठी सर्वांत सोपा उपाय वेगळाच आहे. औषधांच्या दुकानात लॅक्टेजचे थेंब आणि गोळ्या मिळतात. दूध तापवून पूर्ण निवू द्यायचं, बाटलीवर लिहिलेत तेवढे थेंब घालायचे, ढवळून फ्रिजमध्ये चोवीस तास ठेवायचं. गरम दुधात घातले तर एन्झाइम मरतं, म्हणून निवण्याची घाई करू नका. दुसऱ्या दिवशी दूध किंचित गोड लागेल, कारण लॅक्टोजचे तुकडे मूळ लॅक्टोजपेक्षा गोड असतात. ती गोडी काम झाल्याची खूण समजा. नंतर ते पुन्हा तापवलं तरी चालतं. बाजारात लॅक्टोज नसलेलं म्हणून जे दूध मिळतं त्यातही हेच केलेलं असतं. कॅल्शियम, प्रथिनं सगळं जागच्या जागी. घरात एक बाटली थेंब आणि म्हशीचं दूध असताना महिन्याला तीन-चार हजार रुपये खोक्यांवर घालवावेत, असा सल्ला मी तुम्हाला देणार नाही.

आता मुलानं प्रेमानं पाठवलेले ते खोके. वाया घालवू नका, पण कशाचा कशासाठी उपयोग ते समजून घ्या. खोक्यावर नीट बघाल तर ‘दूध’ असं लिहिलेलं बहुधा दिसणार नाही. पेय, ड्रिंक, बेव्हरेज असलं काही असेल. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत दूध हा शब्द जनावराच्या दुधासाठीच राखलेला आहे. नारळाचं दूध पूर्वापार त्या नावानं चालत आलं म्हणून त्याला सूट. मला हा नियम पटतो. शब्द एक असला की माणूस समजतो, गुणही एकच. तसं नाहीये.

बदामाचं पेय घ्या. मागे घटकांची यादी वाचा. बदाम बऱ्याचदा शेकडा दोन-चारच असतात, बाकी पाणी आणि दाटपणासाठी डिंकाचा एखादा प्रकार. १०० मिलिलिटरमध्ये प्रथिनं अर्धा ग्रॅमच्या आसपास. म्हशीच्या दुधात साडेतीन-चार ग्रॅम असतात. घरी केलं तरी गणित फार बदलत नाही: दहा-बारा बदाम म्हणजे बारा ग्रॅम धरा, त्यात कॅल्शियम जेमतेम ३० मिलिग्रॅम, आणि त्यातलंही काही चोथ्यात जातं. त्यापेक्षा ते बदाम भिजवून चावून खाल्लेले बरे. चहा नासल्यासारखा दिसला, त्यात तुमची चूक नव्हती. चहाचा आंबट-तुरटपणा आणि उकळता ताव एकदम लागला की बदामातलं प्रथिन गोळा होतं आणि पाणी वेगळं पडतं. पिण्याला अपाय नाही, पण चहा म्हणून मजा नाही हे खरं.

सोयाचं मात्र सोडू नका. तुमच्याकडच्या तिन्ही पेयांत प्रथिनांच्या बाबतीत दुधाच्या जवळ जाणारं हे एकच, १०० मिलिलिटरमध्ये तीन ग्रॅमच्या आसपास, तेही चांगल्या प्रतीचं. वास येतो तो सोयाबीनमधल्या एका एन्झाइममुळे, दाणा थंड पाण्यात वाटला की तो वास सुटतो. तुमच्या भागात सोयाबीन पिकतं, तेव्हा घरीही करून बघता येईल. रात्री भिजवलेले दाणे सकाळी खळखळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका, सालं चोळून काढा, आणि गरम पाण्यातच वाटा. गाळून घेतल्यावर मंद आचेवर ढवळत वीस मिनिटं उकळायचं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारं एक द्रव्य असतं, ते या उकळण्यानं निकामी होतं, म्हणून ही पायरी गाळायची नाही. फेस भराभर वर येतो, पातेलं मोठं घ्या. उरलेला चोथा थालीपिठात छान जिरतो.

ओटचं गोड लागलं ना? त्यात साखर घातलेली नसली तरी लागणारच. ते बनवतानाच एन्झाइम घालून ओटमधला स्टार्च तोडतात, त्यातून माल्टोज नावाची साखर होते. १९९० च्या दशकात स्वीडनच्या लुंड विद्यापीठात रिकार्ड ओस्टे या संशोधकानं ही युक्ती बसवली, आणि तीही दूध न पचणाऱ्यांसाठीच. म्हणून चहाला मला तेच सगळ्यात बरं वाटतं, त्याला अंग असतं. चहात साखर निम्मी करा. मधुमेह असलेल्यांनी मात्र ओटचं पेय मोजूनच घ्यावं. घरी ओट वाटून तसं होत नाही; ते तापवलं की कांजीच्या खळीसारखं चिकट होतं, कारण स्टार्च तुटलेला नसतो.

चहाची रीत एकदा सांगून ठेवते, सोया आणि ओट दोन्हींसाठी. चहा पाण्यातच नेहमीपेक्षा कडक उकळा. गाळा, आणि मिनिटभर थांबा, उकळी बसू दे. तोवर दुसऱ्या भांड्यात पेय कोमट करा, बोटाला सोसेल इतपत. आता कपात आधी पेय, त्यावर चहा, हळूहळू धार धरून. उलट केलंत, उकळत्या चहात थंड पेय ओतलंत, की पुन्हा तेच. खोका प्रत्येक वेळी उघडण्याआधी जोरजोरात हलवा. वरून घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर तुम्ही वरचं पाणी पिता आणि कॅल्शियम खोक्याबरोबर कचऱ्यात जातं.

मी मूळची वेंगुर्ल्याची, तेव्हा नारळाबद्दल न बोलून कसं चालेल. शिरवाळ्यांबरोबरचा गुळाचा रस, सोलकढी, खापरोळी, आमच्याकडची निम्मी गोडी नारळाच्या दुधात. खोबरं वाटून कोमट पाण्यात हातानं पिळलं की पहिलं दूध बोटांना मेणासारखं लागतं. ती चरबी आहे, ताई. कॅल्शियम त्यात नावापुरतं, प्रथिनंही थोडीच. खीर-पायसात दुधाच्या जागी बिनधास्त घाला, पण पेल्यानं प्यायचं ते नव्हे. तसंच तुमच्याकडच्या शेंगदाण्याचं. शेंगदाणे भिजवून वाटून गाळलेलं दूध आमटीला, कढीला चांगलं, प्रथिनंही देतं. कॅल्शियमसाठी त्याच्यावर विसंबू नका.

इथे सासूबाईंकडे येते. त्यांची काळजी अगदी रास्त आहे आणि तुम्ही ती हसण्यावारी नेऊ नका. पाळी थांबल्यावर हाडांतलं कॅल्शियम झपाट्याने कमी व्हायला लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, पाळी थांबलेल्या बाईला १२००. दूध बंद करून नुसतं बदामाचं पेय सुरू केलं, तर सासूबाई म्हणतात ते खरं ठरेल. म्हणून मी दोन हिशेब वेगळे ठेवायला सांगते. चहाला रंग आणि अंग देणारं दूध वेगळं, हाडांसाठीचं वेगळं. पहिल्याच्या जागी काहीही चालतं. दुसऱ्याची जागा ताटातूनच भरायला हवी.

तुमच्या ताटात ती भरता येते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, म्हणजे दिवसाला दोन भाकऱ्यांत ते आलं. नाचणी भिजवून, मोड आणून, गाळून सत्त्व करतात ते बाळासाठी ठीक, पण नाचणीचं बरंच कॅल्शियम तिच्या सालात असतं आणि ते गाळण्यात उरतं. तुम्ही अख्ख्या पिठाची भाकरी किंवा ताकातली आंबीलच करा. दोन चमचे तिळांतून शंभरभर मिलिग्रॅम. भाजून कुटून घ्या, अख्खा तीळ तसाच बाहेर पडतो. शेवग्याच्या पाल्याची भाजी वाटीभर झाली तर आणखी दीडशे. दोन वाट्या दही, त्याचे अडीचशे. पनीर ५० ग्रॅम असेल त्या दिवशी दोनशेच्या वर. दोन चहांत मिळून घरचं १०० मिलिलिटर दूध, त्याचे १२०. डाळी, कुळीथ, भाज्या यांचं थोडं थोडं. बेरीज करा, बाराशेच्या जवळ जातेच. धान्य-भाज्यांतलं सगळंच कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरं, म्हणून जिथे शक्य तिथे मोड आणा, आंबवा. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या द्रव्यात अडकलेलं असतं. ऊन चांगलं वर आल्यावर हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात काम करा, ड जीवनसत्त्व नसेल तर वरचा सगळा हिशेब फोल. हाडांची तपासणी कधी केली नसेल तर डॉक्टरांना विचारा.

शाकाहारी आहात म्हणून ब-१२ चं सांगणं भाग आहे. आपल्या शाकाहारी घरांत ते येतं दुधा-दह्यातूनच. वनस्पतींच्या कुठल्याही पेयात ते मुळात नसतं, वरून घातलं असेल तरच. तुम्ही दही-ताक चालू ठेवणार आहात, तरी एकदा रक्त तपासून घ्या.

आणि थायरॉइडची गोळी. हे कोणी तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून ठळक लिहिते. कॅल्शियम आणि सोया दोन्ही त्या गोळीला रक्तात नीट जाऊ देत नाहीत. गोळी पहाटे रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर. सोयाचं पेय, कॅल्शियम घातलेलं कुठलंही पेय आणि कॅल्शियमची गोळी यांत त्यानंतर चार तासांचं अंतर ठेवा. थोडक्यात, सोया दुपारी किंवा संध्याकाळी. रोज घ्यायला लागलात तर दोनेक महिन्यांनी थायरॉइडची तपासणी करून डोस पुन्हा बघून घ्या.

हे उत्तर घरातल्या लेकी-सुनाही वाचतील, म्हणून एक वाक्य त्यांच्यासाठी. वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं कुठलंही पेय दुधाऐवजी देऊ नका, आणि त्यानंतरही लहान मुलाचं दूध बदलायचं तर बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. बदामाच्या किंवा तांदळाच्या पेयावर मूल वाढत नाही.

आता कोजागरी. वीस माणसांचं दूध नेहमीसारखं म्हशीचंच आटवा, त्यांना कशाला बदल. स्वतःसाठी आदल्या दिवशी अर्धा लिटर दुधात थेंब घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ते वेगळ्या पातेल्यात घ्या. फार आटवू नका, जे थोडं लॅक्टोज उरलंय तेही दाट होईल. थेंब मिळाले नाहीत, तर काजूचं करा. मूठभर काजू चार तास भिजवा, अगदी थोडं पाणी घालून गंधासारखं मऊ वाटा, मग दोन पेले पाणी. गाळायची गरज नाही, चोथा उरतच नाही. मंद आचेवर सतत ढवळा. काजूत स्टार्च असतो, त्यामुळे पाच-सात मिनिटांतच ते आटवल्यासारखं दाट होतं आणि चमच्याला धरतं. दाट झालं की लगेच उतरवा, खाली लागायला वेळ लागत नाही. साखर, वेलची, जायफळ, केशराच्या काड्या, वरून थोडी चारोळी. दोनाऐवजी चार पेल्यांचं करा आणि एक सासूबाईंना द्या, काय आहे ते सांगून. चव कशी वाटली ते मला कळवा, आणि त्या पाव कपाचं पुढे काय झालं तेही.